निवांत पण रटाळ, की आव्हानाची पण दगदगीची? दोन नोकऱ्यांमधून एक निवडताना

दोन नोकऱ्या समोर आहेत. एकीत काम थोडे, ठरलेले आणि डोक्याला ताप नसलेले. दुसरीत मुदती, उद्दिष्टे आणि रोज अंगावर येणारे काहीतरी नवे. घरचे एक सांगतात, मित्र दुसरे सांगतात आणि होकार कळवण्याची तारीख जवळ येत असते. ज्यांची ही पहिली किंवा फार तर दुसरी नोकरी आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे. मी दोन्ही तऱ्हेच्या नोकऱ्या केल्या आहेत आणि दोन्ही वेळा निवड करताना पगार आणि कामाचे तास यांच्यापलीकडे काही पाहिले नव्हते. पुढील पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्याव्यात, कारण पहिल्या पायरीवर बहुतेकांचा मूळ प्रश्नच बदलतो.

पहिली पायरी : 'सोपी' आणि 'अवघड' हे शब्द काही काळ बाजूला ठेवा

रॉबर्ट करासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1979 साली अमेरिका आणि स्वीडन येथील कामगारांच्या पाहण्यांच्या आधारे एक मांडणी केली, ती आजही उपयोगी पडते. त्याचे म्हणणे असे की, कामाचा भार किती आहे एवढेच पाहून भागत नाही; ते काम कसे करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि त्यात आपले कोणते कौशल्य वापरायचे, हे ठरवण्याची मुभा किती आहे, हेही पाहावे लागते. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात आणि नोकऱ्यांचे दोन नव्हे तर चार प्रकार होतात. भार जास्त आणि मुभाही जास्त, ते काम दमवते पण माणसाला घडवते. भार जास्त आणि मुभा जवळजवळ नाही, ते काम पोखरते. भार कमी आणि मुभा जास्त, ते खऱ्या अर्थाने निवांत काम. भार कमी आणि मुभाही कमी, त्या कामाला करासेकने 'निष्क्रिय' म्हटले, कारण अशा कामात असलेले कौशल्यही हळूहळू गंजते आणि स्वतःहून काही करून पाहण्याची सवय सुटते.

म्हणजे 'सोपी नोकरी' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या दडलेल्या असतात, आणि 'ताणाची नोकरी' या नावाखालीही दोन. माझ्या मते नवख्या माणसाने पसंतीचा क्रम असा लावावा : भार आणि मुभा दोन्ही असलेले काम सर्वांत वर, त्याखालोखाल कमी भाराचे पण मोकळीक असलेले काम, मग निष्क्रिय काम, आणि सर्वांत शेवटी, पगार कितीही चांगला असला तरी, भार प्रचंड आणि हात बांधलेले असे काम. हा क्रम कोणाच्याही परिस्थितीनुसार बदलू शकतो आणि तो केव्हा बदलतो ते पुढे येईलच. पण शेवटचे स्थान सहसा बदलत नाही.

यामागे केवळ तर्क नाही. ब्रिटनमधील सरकारी नोकरांची एक मोठी पाहणी 1967 साली सुरू झाली. ताण म्हणजे जबाबदारी आणि जबाबदारी म्हणजे हृदयविकार, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता, त्यामुळे वरच्या पदांवरील अधिकारी जास्त दगावत असतील अशीच अपेक्षा कोणीही केली असती. आढळले उलटेच. पद जितके खालचे, तितके हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक. सर्वांत खालच्या श्रेणीत ते सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहूनही जास्त होते आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे धरूनही हा फरक पूर्णपणे उलगडत नव्हता. पुढे 1985 साली 10,308 स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांना घेऊन सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत कामावरील नियंत्रणाचा अभाव आणि हृदयविकार यांचा संबंध पुढे आला. खालच्या पदावर पगारही कमी असतो आणि राहणीमानही वेगळे असते, त्यामुळे सगळे खापर नियंत्रणाच्या अभावावर फोडता येणार नाही. पण 'साहेबाला ताण जास्त, कारकुनाला आराम' हे समीकरण तरी त्यानंतर टिकत नाही.

दुसरी पायरी : दोन्ही नोकऱ्यांचा एक पूर्ण दिवस कागदावर उतरवा

नोकरीच्या जाहिरातीत पदाचे वर्णन असते, दिवसाचे नसते. म्हणून दोन कोरे कागद घ्यावेत आणि प्रत्येकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तासातासाने काय करावे लागेल ते लिहावे. पहिल्या प्रयत्नात कागदाचा बराच भाग कोराच राहतो आणि तेच या पायरीचे काम आहे, कारण त्या कोऱ्या जागा म्हणजेच मुलाखतीत किंवा तिथे काम करणाऱ्या कोणाला विचारायचे प्रश्न असतात.

हा कागद मी पहिल्या नोकरीपूर्वी केला असता, तर तो अकरा वाजताच संपला असता. मला दोन याद्यांतील आकडे ताडून पाहायचे असत : डाव्या हाताचे बोट एका रकान्यावर, उजव्या हातात पेन्सिल, आकडा जुळला की त्याच्याशेजारी एक टिंब. दिवसाचा गठ्ठा अकराच्या सुमारास संपे. त्यानंतर साडेपाचपर्यंत काय करायचे हे कोणी सांगितले नव्हते. रिकामे बसलेले दिसायचे नाही, एवढे मात्र न सांगताही सर्वांना ठाऊक होते. म्हणून मी तोच गठ्ठा पुन्हा उघडत असे आणि जुन्याच टिंबांवरून पेन्सिल फिरवत बसे. काही पानांवर ती टिंबे इतकी दाट झाली होती की, पान उलटून मागून बोट फिरवले तर उंचवटे हाताला लागत. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर अंगात त्राण नसे आणि आपण नेमके कशाने दमलो हे सांगताही येत नसे. ओळखीचे लोक मात्र 'मजा आहे तुझी' म्हणत.

तिसरी पायरी : कंटाळा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

रटाळ कामात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांची किंमत सारखी नसते.

एक म्हणजे तोचतोचपणा. काम आहे, पुरेसे आहे, पण रोजचे तेच दळण. माझ्या मते हा कंटाळा सर्वांत सोसण्याजोगा आहे. हात सवयीने चालतात, मन मोकळे राहते आणि दिवसअखेर काहीतरी पूर्ण झालेले दिसते. अनेक जण अशा नोकरीत वर्षानुवर्षे समाधानाने राहतात आणि आपले खरे आयुष्य संध्याकाळनंतर जगतात. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी म्हणजे रिकामपण, जे मी वर सांगितले. रिकामपणात काम नसतेच. फक्त काम असल्याचा देखावा सांभाळावा लागतो. माणसाला नुसते बसून राहणे किती जड जाते, याचा एक प्रयोग 2014 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. काही जणांना 15 मिनिटे एका खोलीत एकटे, काहीही न करता बसवले आणि हवा असल्यास स्वतःला विजेचा सौम्य झटका देण्याचे बटण तेवढे हाताशी ठेवले. हा झटका नको म्हणून पदरचे पैसे मोजायला आम्ही तयार आहोत, असे आधी सांगितलेल्या लोकांपैकीच 18 पुरुषांतील 12 जणांनी आणि 24 स्त्रियांतील 6 जणींनी तो स्वतःला देऊन पाहिला. तिथे प्रश्न पाव तासाचा होता. नोकरीत तो रोजच्या सहा-सहा तासांचा होतो. अशा जागी स्वतःचा अभ्यास किंवा दुसरे काही करण्याची उघड परवानगी असेल, तर चित्र पूर्ण पालटते. म्हणून 'काम संपल्यावर काय केलेले चालते?' हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

तिसरी गोष्ट म्हणजे पहारा : पडद्यावर, यंत्रावर किंवा दारावर लक्ष ठेवणे, जिथे बहुतेक वेळ काहीच घडत नाही, पण घडले तर ते निसटून चालत नाही. हे काम सोपे समजले जाते आणि ते मुळीच सोपे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवरील खुणा सैनिकांच्या नजरेतून का सुटतात, याचा शोध घेताना नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळासारखी तबकडी तयार केली. तिचा काटा ठरावीक अंतराने एकेक टप्पा पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी घेई. पाहणाऱ्याने दोन तास बसून तेवढी उडी टिपायची. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच टिपण्याचे प्रमाण घसरू लागत असे. तुमच्यासमोर आलेली 'आरामाची' नोकरी प्रत्यक्षात पहाऱ्याची असेल, तर दर किती वेळाने माणूस बदलतात हे विचारा. पाळी लांबलचक आणि चुकीची शिक्षा मोठी असेल, तर ती नोकरी सोप्याच्या यादीतून काढून टाका.

चौथी पायरी : ताण कशाचा आहे आणि त्याला शेवट आहे का

दगदगीच्या नोकरीचीही अशीच फोड करावी. काम फार असणे, काम अस्पष्ट असणे, समोरच्या माणसांचा राग झेलावा लागणे आणि चुकीचे परिणाम गंभीर असणे, हे चार वेगळे ताण आहेत. पहिल्याला सराव आणि नियोजन यांनी तोंड देता येते. चौथा अनुभवाने कमी होतो, मात्र शेजारी शिकवणारा कोणी असेल तरच. तिसरा स्वभावावर अवलंबून आहे. काहींना दिवसभरात दहा चिडलेल्या माणसांशी बोलूनही काही वाटत नाही आणि काहींना एका कडवट फोनने दोन दिवस झोप लागत नाही, तेव्हा इथे स्वतःशी प्रामाणिक राहावे. दुसरा सर्वांत वाईट. काय अपेक्षित आहे हे सकाळी एक, दुपारी दुसरे आणि संध्याकाळी 'हे का केले?' असे ज्या ठिकाणी चालते, तिथे माणूस हुशार असो की कष्टाळू, टिकत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ताणाला शेवट असणे. वर्षातून दोन-तीन वेळा महिनाभर जीव मेटाकुटीला येतो आणि मग उसंत मिळते, ही एक गोष्ट. बाराही महिने तोच वेग, ही दुसरी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित विकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक आढळला. तेव्हा तास मोजताना कार्यालयातील हजेरीच नव्हे, तर घरून पाहिलेले ईमेल, रात्रीचे फोन आणि सुटीच्या दिवशी 'जरा पाहून घेतलेले' कामही धरावे.

थोडा ताण असला तर काम चांगले होते, असे सांगताना मधोमध फुगलेली एक आलेखरेषा दाखवण्याची पद्धत आहे. तिचे मूळ रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी 1908 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात आहे. मुलाखतीत कोणी ती रेषा काढून दाखवू लागला, तर नम्रपणे मान डोलवावी आणि कामाचे तास विचारावेत.

पाचवी पायरी : मुलाखतीत मुभा मोजा

'इथे कामाचे स्वातंत्र्य आहे का?' असे विचारले तर उत्तर नेहमी 'हो' असेच येते. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. या पदावर आधी कोण होते, किती काळ होते आणि आता कुठे आहेत? गेल्या महिन्यात एखादी मुदत पुढे ढकलली गेली का, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून? दोन तातडीची कामे एकाच वेळी आली तर आधी कोणते, हे कोण ठरवते? रजा मंजूर होऊन नंतर रद्द झाल्याचे शेवटचे उदाहरण कोणते? एखादी चूक झाली तेव्हा काय झाले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. उत्तर देणारा चूक कशी दुरुस्त झाली ते सांगतो की ती कोणाची होती ते सांगतो, यावरून त्या जागेची हवा कळते.

शक्य असल्यास हेच प्रश्न तिथे काम करणाऱ्या, पण तुमच्या निवडीशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीलाही विचारावेत. दोन उत्तरांत फार अंतर असेल, तर दुसऱ्यावर विश्वास ठेवावा.

सहावी पायरी : तुमच्या आयुष्याचा सध्याचा काळ पाहा

वर दिलेला पसंतीचा क्रम इथे बदलू शकतो. घरात कोणी दीर्घ आजारी असेल, मूल लहान असेल, स्वतःची प्रकृती सावरत असेल, किंवा परीक्षेचा अभ्यास करायचा असेल, तर सोपी नोकरी हा पळपुटेपणा नव्हे. तो वेळ विकत घेण्याचा व्यवहार आहे. मात्र विकत घेतलेल्या वेळाचे काय करणार, हे आधी लिहून ठेवावे लागते. 'संध्याकाळी काहीतरी शिकेन' हे पुरेसे नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे लिहिता येत नसेल, तर तो वेळ निसटून जातो. आणि कंटाळवाण्या दिवसानंतर उत्साह आपोआप येत नाही, हे मी टिंबांच्या त्या काळात पुरते अनुभवले आहे.

उलट, अंगावर मोठी जबाबदारी नसेल आणि नोकरीची पहिली पाच वर्षे असतील, तर मुभा असलेले अवघड काम घ्यावे असे मी स्पष्टपणे सांगेन. त्या वर्षांत अंगवळणी पडलेला कामाचा वेग आणि पाठीशी आलेली माणसे पुढे दीर्घकाळ उपयोगी पडतात. निवांत जागेतून दगदगीच्या जागी जाणे हे उलट दिशेने जाण्यापेक्षा अवघड असते, कारण मधल्या काळात दाखवण्यासारखे काही साठलेले नसते.

पैशाबद्दल थोडक्यात. जर्मनीतील समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट याने 1996 साली मांडले की, माणसाला झिजवतो तो श्रम आणि मोबदला यांतील असमतोल; आणि मोबदल्यात पैसा, मान, तसेच नोकरीची शाश्वती व बढती हे सर्व येते. त्यामुळे जास्त पगाराच्या नोकरीत बाकीचे दोन मोबदले कितपत मिळतात, हेही पाहावे.

सातवी पायरी : दोन वर्षांनंतरचा अर्ज आजच लिहा

प्रत्येक नोकरीसाठी, ती दोन वर्षे केली आहे असे समजून, पुढच्या नोकरीचा अर्ज पाच-सहा ओळींत लिहून पाहावा. 'जबाबदारी सांभाळली' अशी पोकळ वाक्ये टाळून, कोणते काम एकट्याने करता येते, कोणते साधन चालवता येते आणि कोणता निर्णय घेता येतो, एवढेच लिहावे. ज्या नोकरीचा अर्ज तीन ओळींत आटोपतो, तिथे दुसरे वर्ष पहिल्याचीच नक्कल असणार. पण सावध राहावे : दगदगीच्या नोकरीचा अर्जही कधीकधी तीनच ओळींत संपतो, कारण धावपळ भरपूर असली तरी धावताना हातून होणारे काम पाट्या टाकण्याचेच असू शकते. तसे दिसले, तर तिथे दगदग सोसण्याचे काही कारण उरत नाही.

आठवी पायरी : होकार देण्यापूर्वी परतीची वाट आखा

लेखी करारातील तीन कलमे वाचावीत : परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ किती, राजीनाम्याची सूचना किती आधी द्यावी लागते आणि सोडल्यास काही भरपाई द्यावी लागते का. दगदगीच्या नोकरीत सूचनेचा काळ लांब असेल, तर चुकीची निवड महाग पडते, हे गणितात धरावे. नाकारलेल्या जागेला वेळेवर आणि सौजन्याने नकार कळवावा; सहा महिन्यांनी तिथेच विचारणा करावी लागणारच नाही, असे कोणी सांगू शकत नाही.

मग एका कागदावर, रुजू होण्याच्या पहिल्याच आठवड्यात, आपण कोणत्या खुणा दिसल्या तर थांबू, त्या लिहून ठेवाव्यात. नंतर लिहिल्या तर सवय झालेली असते आणि खुणा दिसेनाशा होतात. दगदगीच्या नोकरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची जी लक्षणे दिली आहेत ती आधाराला घेता येतील : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असे वाटणे. संघटनेने तो आजार म्हणून नव्हे, तर कामाशी संबंधित स्थिती म्हणून नोंदवला आहे, त्यामुळे इलाजही बऱ्याच अंशी कामातच शोधावा लागतो. रटाळ नोकरीच्या खुणा निराळ्या असतात : मुद्दाम काम लांबवणे, सोप्या कामातही चुका होणे, नवे काही विचारले की आधी चिडचिड होणे.

माझ्या दुसऱ्या, दगदगीच्या नोकरीत शेजारी बसणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्याकडून असा कागद लिहून घेतला आणि घडी घालून खणात ठेवायला लावला. त्यावर तीन ओळी होत्या : सुटीच्या संध्याकाळी पोटात गोळा येणे, उशाशी ठेवलेला फोन वाजलेला नसताना जाग येणे आणि सलग दोन महिने नवे काही न शिकणे. सहाव्या महिन्यात घडी उघडली, तेव्हा पहिल्या दोन ओळी खऱ्या झाल्या होत्या, तिसरी नव्हती. मी तो कागद घेऊन वरिष्ठांकडे गेलो आणि रात्रीचे फोन चौघांत पाळीने वाटून द्यावेत अशी मागणी केली. त्यांनी तिथेच महिन्याचा तक्ता आखला. माझ्या वाट्याला दर चौथा आठवडा आला आणि मी त्या जागी आणखी चार वर्षे राहिलो.